उजवीकडचं बटण

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते काही खोटं नाही. पुण्यात सात वर्षांत चार कंपन्या झाल्या. पाचवीत जायच्या ऐवजी लॅपटॉप उचलला आणि महाळुंगे पडवळला आई-वडिलांच्या घरी येऊन बसले. बसले म्हणायचं एवढंच. वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, किती दिवसांसाठी. मी म्हटलं, बघू. त्या ‘बघू’ला आता तीन वर्षं होतील आणि माझी एक बॅग अजून तशीच भरलेली आहे.

माझं काम डेस्कटॉपवर चालणारे प्रोग्राम लिहायचं. हे सांगितलं की पुण्यातले जुने सोबती जरा दयेनेच बघतात, कारण सगळं जग ब्राउझरमध्ये आणि मोबाईलमध्ये निघून गेलंय. पण जिथे नेट सकाळी असतं आणि दुपारी नसतं, तिथे मशीनच्या पोटात बसून चालणारा प्रोग्रामच कामाला येतो. त्यातही माझी एक खोड आहे. प्रोग्राम ज्या मशीनवर चालेल तिथलाच वाटला पाहिजे. विंडोजवर विंडोजचा, मॅकवर मॅकचा, लिनक्सवर लिनक्सचा. कोड एकदाच लिहायचा, पण बटणं, मेनू, अक्षरं, फाइल उघडायची चौकट, सगळं त्या त्या मशीनच्या रीतीने आलं पाहिजे. देश तसा वेश. काही लोक सगळीकडे एकच रंगवलेला चेहरा चिकटवून मोकळे होतात. तसले प्रोग्राम बघितले की मला लग्नात चुकीच्या मांडवात शिरून जेवायला बसलेला माणूस आठवतो.

हे वेड सोपं नाही. मॅकवर मेनू पडद्याच्या माथ्यावर लागतो, विंडोजवर खिडकीच्या आत. एकाला दोन बटणांमध्ये जास्त जागा हवी, दुसऱ्याला कमी. सगळ्यात छळलं ते आपल्या लिपीने. बटणाची उंची ज्याने कुणी ठरवली त्याने वेलांटी कधी पाहिलेली नसणार. ‘नोंदी’ लिहिलं की एका मशीनवर अनुस्वार छाटला जायचा, ‘पुढील’ लिहिलं की दुसऱ्यावर उकार चौकटीबाहेर लोंबायचा. एक अनुस्वार दिसावा म्हणून मी सलग तीन दुपारी घालवल्या आहेत. मधूनच उठायचं, अंगणात दोन चकरा मारायच्या, चहा मागायचा, तो निवेपर्यंत विसरायचा आणि परत बसायचं. आई म्हणायची, एवढं कशावर रागावलीस? मी म्हणायची, एका ठिपक्यावर.

कळंबला हायवेपासून थोडं आत एका संस्थेचं शेळ्या-मेंढ्यांचं आरोग्य केंद्र आहे आणि त्याची एक शाखा जुन्नरच्या बाजारपेठेतल्या गल्लीत. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले कळप उन्हाळ्याच्या शेवटी घाट चढून परत येतात. पाऊस लागायच्या आत त्यांना आंत्रविषाराची लस टोचावी लागते, आणि पहिल्यांदाच टोचलेल्या कोकरांना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. दुसरी चुकली तर पहिली फुकट जाते. पावसाळ्याचं कोवळं गवत खाऊन धडधाकट कोकरं उभ्या उभ्या मरतात. म्हणून कुणाचा कळप, किती टोचल्या, कधी टोचल्या आणि परत कधी बोलवायचं, ही नोंद म्हणजे केंद्राचा कणा.

एकोणीस वर्षं ही नोंद आक्का लिहीत होत्या. आक्कांचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागे फिरणारं. नवरा गेल्यावर त्या केंद्रात झाडलोटीला लागल्या. एक दिवस रजिस्टर लिहिणारा आला नाही म्हणून केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात पेन दिलं, ते नंतर कुणी परत मागितलंच नाही. शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर मात्र गोल आणि सुटं. कानाच्या कापावरून मेंढी कुणाची ते सांगायच्या. मेंढपाळ आधी आक्कांना रामराम घालायचे, मग डॉक्टरांना.

संस्थेला कॉम्प्युटरवर नोंदी हव्या होत्या आणि मशीनं होती तीन, तिन्ही वेगळ्या जातींची. कळंबच्या केंद्रात कुणीतरी दिलेलं जुनं विंडोज. जुन्नरला एका शाळेने काढून टाकलेलं, लिनक्स घातलेलं. आणि डॉक्टरांचा स्वतःचा मॅक, जो ते जीपमध्ये घालून वस्त्यांवर न्यायचे. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी जवळजवळ उडीच मारली. माझ्या खोडीला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार होतं?

जुन्नरला कार्यकारिणीपुढे मी प्रोग्राम दाखवला. तिन्ही मशीनांवर तो कसा दिसेल याची चित्रं शेजारी शेजारी लावली होती. अध्यक्षांनी विचारलं, हे तिन्ही वेगळे दिसतात, यातला आपला कुठला? मी म्हटलं, तिन्ही आपलेच, हीच तर गंमत. मग मी त्यांना बोट ठेवून दाखवलं, की प्रश्न विचारणाऱ्या चौकटीत मॅक आणि लिनक्सवर होकाराचं बटण उजवीकडे असतं, विंडोजवर ते डावीकडे असतं. ही त्या त्या मशीनची रीत आहे आणि मी ती बारकाईने पाळली आहे. माझ्या आवाजात तेव्हा केवढी ऐट होती ते मला अजून आठवतं. डॉक्टरांनी मान डोलावली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

त्याच बैठकीत ठरलं की रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचं नाही. रजिस्टर बंद. आणि हा हंगाम संपेपर्यंत बाईंना कॉम्प्युटर जमला नाही, तर कॉम्प्युटर शिकलेलं कुणीतरी त्यांच्या जागी घ्यायचं. रजिस्टर बंद करायला मीच जोर दिला होता. दोन्हीकडे लिहायला मिळालं की माणूस नवीन शिकत नाही, असं मी म्हटलं, आणि ते सगळ्यांना पटलं. आक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. दार उघडंच होतं. परत येताना एसटीने नारायणगाव सोडलं. तेव्हा आक्का हळूच म्हणाल्या, “जमंल ना वो मला, ताई?” मी म्हटलं, आठ दिवसांत जमेल.

आठ दिवसांत शिकवायचं तर मशीन हवं, आणि कळंबचं मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलं. ते दुरुस्तीला मंचरला गेलं. डॉक्टर म्हणाले, येऊ दे परत, मग शिकवा. पण वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. मी माझा लॅपटॉप केंद्रात नेला. तो लिनक्सचा, मराठीत लावलेला. आक्का शेजारी खुर्ची ओढून बसल्या, पदर खोचला, माऊसला आधी हात जोडले आणि मग धरला.

त्या भराभर शिकल्या. रोज सकाळी एक नवं कोरं पान उघडतं, त्यावर एकेक कळप भरत जायचं. संध्याकाळी प्रोग्राम बंद करताना एक चौकट येते आणि विचारते, आजचं पान ठेवायचं का? खाली दोन बटणं. डावीकडे ‘नाही’, उजवीकडे ‘होय’. आक्कांनी ती चौकट बराच वेळ निरखली. “म्हंजी उजवं ते होय,” त्या म्हणाल्या. “बराबर हाये की. देव बी उजवाच कौल देतो.”

त्यांच्याकडे कळप कोकणात कधी उतरवायचा, कुठल्या घाटाने उतरवायचा, हे अजूनही देवाला विचारतात. देवाच्या दोन्ही अंगांना ओले दाणे चिकटवायचे. उजव्या अंगाचा आधी पडला तर निघायचं, डाव्याचा पडला तर थांबायचं. मला ते फार आवडलं. मी हसले आणि म्हटलं, अगदी तसंच समजा आक्का, रोज संध्याकाळी उजवा कौल. त्याही हसल्या. मला वाटलं, शिकवावं तर असं.

मशीन परत आलं त्या दिवशी मी पुण्याला होते. फोनवरून ड्रेसरला, म्हणजे केंद्रात जनावरांना धरून मलमपट्टी करणाऱ्या माणसाला, सांगून प्रोग्राम बसवून घेतला. चालू झाला का? झाला. आक्कांना उघडता येतोय का? येतोय. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. परत आल्यावर एकदा केंद्रात चक्कर टाकायला हवी होती. कळंब आमच्या घरापासून असं किती लांब आहे? पण संपलेल्या कामाकडे परत जायचं म्हटलं की माझ्या अंगात मुंग्या येतात.

कळप यायला लागले. दोन आठवडे लस टोचणं चाललं. मग एका सकाळी डॉक्टरांनी तिन्ही मशीनांतल्या नोंदी पेनड्राइव्हवरून एकत्र करून दुसऱ्या मात्रेची यादी काढली. जुन्नरची नावं आली, त्यांच्या मॅकमधली आली, कळंबचं एकही आलं नाही. त्यांनी मला फोन केला आणि मी पंधरा मिनिटांत केंद्रात होते.

आक्का खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. मी मशीन उघडलं. आत काहीच नव्हतं. अर्धवट नाही, बिघडलेलं नाही, एक ओळसुद्धा नाही. मी प्रोग्रामने स्वतःची लिहून ठेवलेली टिपणं तपासली. चूक झाल्याची एकही खूण नव्हती. रोज सकाळी उघडला, रोज संध्याकाळी बंद झाला, आणि काहीही ठेवलं गेलं नाही. मला राग आला. माझ्या प्रोग्रामला चार माणसांसमोर कुणी नावं ठेवणार, या भीतीचाच तो राग होता, हे आज कळतं.

“मी रोज दाबलं,” आक्का म्हणाल्या. “रोज, ताई.”

मी म्हटलं, दाबलं असतं तर इथे असतं. न दाबता कसं राहील? त्या परत म्हणाल्या, दाबलं. मी परत म्हटलं, नाही दाबलं. आम्ही हे किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. ड्रेसर दारात उभा राहून ऐकत होता, दोन मेंढपाळ बाहेर शेळी घेऊन उभे होते. शेवटी आक्का आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. मी त्यांना करून दाखवा असंही म्हटलं नाही. दहा मिनिटं लागली असती.

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. त्यांना एकच गोष्ट हवी होती: चूक मशीनची की बाईंची? मी म्हटलं, प्रोग्राम बरोबर आहे. वर हेही म्हटलं, की नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत आहे. ते हसले. म्हणाले, मग पुढच्या बैठकीत नवीन माणसाचं बघू.

दोन दिवसांनी आक्कांनी केंद्राची किल्ली ड्रेसरच्या हाती परत पाठवली. स्वतः आल्या नाहीत. किल्लीबरोबर वहीची चार पानं होती. त्या दोन आठवड्यांत कोण कोण आलं, कुठल्या वारी आलं, मोठ्या किती, कोकरं किती, कळप आता कुणाच्या रानात बसलाय, सगळं आठवून लिहिलेलं. तेच गोल, सुटं अक्षर. निरोप एवढाच होता की हे मशीनमध्ये भरून घ्या, कोकरांची लस चुकायला नको.

डॉक्टरांनी त्या पानांवरून फोन लावायला घेतले आणि मला म्हणाले, तेवढं भरून द्या. मी भरायला बसले. कळप एकेक करून घालत गेले. सव्वा तास लागला. मधे दोनदा उठले, एकदा हायवेपर्यंत जाऊन चहा पिऊन आले. शेवटचा कळप भरला, प्रोग्राम बंद केला, चौकट आली, मी बटण दाबलं आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर वाटलं, यादी काढून डॉक्टरांच्या हातात देऊनच जावं. परत बसले, प्रोग्राम उघडला.

आत काहीच नव्हतं.

मी एक खोटा कळप भरला आणि बंद करताना पहिल्यांदाच ती चौकट नीट बघितली. प्रश्न मराठीत होता, कारण तो मी लिहिलेला. बटणांवरचे शब्द मात्र मशीनचे, आणि हे मशीन इंग्रजीत होतं. डावीकडे ‘येस’, उजवीकडे ‘नो’, दोन्ही इंग्रजी अक्षरांत. विंडोजच्या रीतीप्रमाणे. मी बारकाईने पाळलेल्या रीतीप्रमाणे. माझाही हात माझ्या लॅपटॉपच्या सवयीने न बघता उजवीकडेच गेला होता. ज्या बाईने ते लिहिलं होतं, जिने त्याची चित्रं काढून भिंतीवर लावली होती, तिचाही. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते मीच सारवलं होतं.

पहिली गोष्ट मनात आली ती चांगली नव्हती. हे कुणालाच माहीत नाही, असं मनात आलं. नोंदी परत भरून या वेळी डावं बटण दाबलं, यादी डॉक्टरांना दिली आणि घरी येऊन दुरुस्ती करायला घेतली. दुरुस्ती तासाभराची होती. ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून तिन्ही मशीनांवर पाठवली असती तर कुणी का म्हणून विचारलं नसतं. आक्कांच्या जागी नवीन मुलगी आली असती, तिला इंग्रजी वाचता आलं असतं, सगळं सुरळीत चाललं असतं. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. आई म्हणाली, वासरासारखी काय फिरतेस, कुठे जायचंय तर जा. मी तिलाही सांगितलं नाही. जेवताना सांगायचं ठरवायची आणि भाजीला मीठ कमी आहे असं म्हणायची.

बैठकीच्या दिवशी सकाळी एसटी पकडली. मी ठरवून काही केलं असं म्हणवत नाही. घरात बसवेना म्हणून निघाले, आणि जुन्नरला उतरल्यावर दुसरीकडे जायला जागा नव्हती.

नवीन माणसाचा विषय तिसरा होता. पहिले दोन मला ऐकूच आले नाहीत. तिसरा निघाल्याबरोबर मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. लॅपटॉपवर शिकवलं ते, उजवं म्हणजे होय हे मी सांगितलं ते, मशीन परत आल्यावर बघायला गेले नाही ते. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे बाई रोज दाबत होती?”

“रोज,” मी म्हटलं. “मी शिकवलं तसंच.”

आणि अध्यक्ष हसायला लागले. चांगल्या मनाने हसले, सुटका झाल्यासारखे. एक सभासद म्हणाले, मग बटणं इकडची तिकडे करा, त्यात काय. डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत होते. तेही ती चित्रं बघून मान डोलावणाऱ्यांतले होते. आक्कांना परत बोलवायचं ठरलं, रजिस्टरही हवं तर ठेवा म्हणाले, आणि चहा आला. मला कुणीतरी झापायला हवं होतं. इतक्या सहज सुटण्याचा मला फार त्रास झाला.

आक्कांची वस्ती कळंबच्या पुढे, रानात. मी गेले तेव्हा त्या अंगणात लोकरीचा गुंता सोडवत होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की चूक माझी होती, तुम्ही रोज दाबत होता. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

“दाबत व्हते ना मी?”

“दाबत होता.”

“इंग्रजी आक्षरं दिसली व्हती मला,” त्या म्हणाल्या. “पर तुमी उजवं सांगितलं व्हतं. म्हनलं, मशीनचं काय तरी आसंल, ताई कशी चुकंल.” मग, माझ्याकडे न बघता, “मला वाटाया लागलं व्हतं, आपुन दाबतच न्हाई का काय. म्हनलं, डोक्यात काय बिघाड झाला का. पोराला बी इचारलं, मी घरात बी काय इसरती का?”

मला तिथे बसवेना आणि निघवेनाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, आवो ऱ्हाऊ द्या, माणूस हाये. चहा पिऊन जा. मी प्यायले. तो गोड होता की नाही ते मला सांगता येणार नाही.

प्रोग्राम मी बदलला. आता तिन्ही मशीनांवर एकच चौकट येते, माझी स्वतःची, मराठीतली, ‘ठेवा’ कायम उजवीकडे. मॅकवर ती इतकी परकी दिसते की डॉक्टरांचा लॅपटॉप उघडा दिसला की मी मान वळवते. खरं तर चौकटच नको, लिहिल्याबरोबर एकेक नोंद आपोआप ठेवली जावी असं मी केलं होतं. आक्कांना ते पटलं नाही. इचारल्याबिगर ठिवलं तर मला कळायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रश्न परत आणला. ठेवल्यावर खाली हिरव्या पट्टीत ‘आजचं पान ठेवलं’ असं मोठ्या अक्षरांत येतं, किती कळप ठेवले तेही येतं, शिवाय छापलेला कागद निघतो. याहून जास्त मला सुचलं नाही.

आक्का परत आल्या, त्याच खुर्चीत बसतात. त्यांच्याकडून तेव्हापासून एकही नोंद चुकलेली नाही. पण रोज संध्याकाळी साडेपाचला माझा फोन वाजतो. “ताई, करू का बंद?” मी म्हणते, करा. थोड्या वेळाने, “गेलं का आत?” कळंबच्या मशीनमध्ये काय गेलं ते मला घरबसल्या दिसत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पहिले काही दिवस मी समजावलं, हिरवी पट्टी बघा, कागद बघा. त्या म्हणायच्या, दिसतंय वो, वाचलं बी, पर तुमी सांगा. मग मी समजावणं सोडलं. गेलं, असं सांगते. एकोणीस वर्षं ही बाई पान लिहून मिटत होती आणि कुणाला काही विचारत नव्हती. सव्वापाच वाजले की माझं कामात लक्ष लागत नाही, फोन हातात घेऊन मी ओट्यावर फिरत राहते. प्रोग्राममध्ये आणखी काय घालावं याचा विचार करते. काही सुचत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याला एका गिऱ्हाइकाकडे होते. फोन आवाज बंद करून पर्समध्ये होता. बाहेर पडून बघितला तेव्हा पावणेसात झाले होते. अकरा वेळा फोन येऊन गेला होता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

मी विचारलं, आक्का, घरी पोचलात ना?

“न्हाई, केंद्रातच हाये,” त्या म्हणाल्या. “बंद न्हाई केलं आजून. तुमी सांगितल्याबिगर कसं करू?”

ड्रेसर गेला होता, डॉक्टर गेले होते, आक्कांच्या वस्तीकडे जाणारी शेवटची वडाप जीपही गेली होती. मी म्हटलं, करा आक्का, ठेवा दाबा आणि बंद करा.

“करते,” त्या म्हणाल्या. “तुमी फोन ठिवू नका.”